संशोधकाचं शरीर

शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले पीएचडीचे प्रबंध जिथे ऑनलाइन वाचता येतात तिथे, एखादा प्रबंध उघडला की मी आधी ऋणनिर्देश वाचते. विषय मराठ्यांच्या महसूल व्यवस्थेचा असो की भातावरच्या करप्याचा, त्या दीड-दोन पानांत एक माणूस भेटतो. मार्गदर्शकांचे आभार, ग्रंथपालांचे आभार, आईवडिलांचे, नवऱ्याचे किंवा बायकोचे, प्रबंध टाइप करून देणाऱ्याचे. मध्येच एखादं वाक्य ओझरतं येऊन जातं, ‘दरम्यानच्या काळात प्रकृती बरी नसताना ज्यांनी सांभाळून घेतलं...’ आणि लगेच पुढचं नाव. त्या अर्ध्या वाक्यामागे काय असेल, याचा मला आता अंदाज येतो. कुणाचा मणका सरकलेला असतो, कुणाला तिशीत साखर निघालेली असते, कुणाचा गर्भ राहिलेला नसतो. पाचशे पानांच्या प्रबंधात एवढीच काय ती नोंद.

पीएचडीचा मनावर ताण येतो, हे आता निदान बोललं तरी जातं. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दर तिघांमागे एकाला मानसिक आजाराचा धोका असल्याचं दिसलं, आणि तेव्हापासून या विषयावर लेख येतात, चर्चा होतात. शरीराच्या वाट्याला तेवढंही येत नाही. पाठ दुखते म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘दिवसभर बसून असतेस ना, सकाळी चालायला जात जा.’ डोकं दुखतं म्हटलं तर ‘चष्मा तपासून घे.’ म्हणजे जे काही झालं ते तुमच्या सवयींमुळे झालं आणि तुम्हीच ते निस्तरायचं. हे उत्तर मला अजिबात पटत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझी पीएचडी इतिहासात, अठराव्या शतकातल्या मोडी कागदांवर. दफ्तरखान्यातलं काम ज्यांनी केलं नसेल त्यांना ते शांत, सावलीतलं काम वाटतं. प्रत्यक्षात दिवस असा जातो. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, सोडायचा, कागदाची घडी तुटणार नाही इतक्या हळू उलगडायची, आणि टेबलावर पसरलेल्या त्या कागदावर ओणवं व्हायचं. मोडीत शब्द सुटे नसतात. बोरूने लिहिलेली ओळ सलग पळत जाते, कारकुनागणिक वळण बदलतं, शाई विटलेली असते. नाक कागदाला टेकेल एवढं वाकल्याशिवाय अक्षर लागत नाही. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोंचं. मान ताठ असताना ते सहज पेललं जातं, पुढे झुकली की मानेच्या स्नायूंवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. फोटो काढायला परवानगी नव्हती, नकला हातानेच उतरवायच्या. दोन-अडीचशे वर्षांची धूळ, बुरशी, कसरीने खाल्लेल्या कागदाचा भुसा आणि डांबरगोळ्यांचा वास, हे सगळं दिवसभर छातीत जात असे. ओढणी नाकाला बांधून बसायचं. संध्याकाळी शिंका सुरू झाल्या की रात्री झोप लागेपर्यंत थांबायच्या नाहीत.

पण मान आणि शिंका यांच्यापेक्षा जास्त नुकसान पाण्याने केलं, म्हणजे पाणी न पिण्याने. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपायाकडे. शिपाई जागेवर नसला की वाट पाहायची, असला की सगळ्या वाचकांसमोर मागायची. आत गेलं की नळाला पाणी असेलच असं नाही. मग सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा आणि त्यानंतर थेट संध्याकाळी घरी आल्यावर पाणी. हे मी एकटीच करत नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या दोघी-तिघी तेच करायच्या आणि आमच्यात त्याबद्दल चकार शब्द निघत नसे, जणू ती या कामाची अटच होती. लघवीत जळजळ सुरू झाली, ताप आला, औषधाने बरं वाटलं, पुन्हा झालं. पुढे मूतखडा निघाला. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार साठतात आणि त्यांचे खडे होतात, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. दिवसाला तीन लिटर पाणी प्या म्हणाले. सल्ला बरोबर होता. पण ते पाणी पिऊन जायचं कुठे, हा प्रश्न दवाखान्यात सुटणारा नव्हता.

क्षेत्रकार्य करणाऱ्या मुलींची गोष्ट याहून कठीण. मेळघाटातल्या पाड्यांवर मुलाखती घेत फिरणारी एक मैत्रीण पाळीच्या तारखा बघून दौरे ठरवायची आणि पाळी मध्येच आली तर गोळ्या घेऊन ती पुढे ढकलायची. गाइडना हे सांगायचं कसं? सहामाही प्रगती अहवालात ते बसत नाही. अहवालात ‘दुसऱ्या टप्प्यातील क्षेत्रकार्य पूर्ण’ एवढंच येतं.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत रेणवीय जीवशास्त्रातली एक मुलगी होती. तिचा उजवा अंगठा मनगटापर्यंत सुजलेला असायचा. द्रव मोजून घ्यायची नळी, म्हणजे पिपेट, दिवसभर दाबून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते, डॉक्टर त्याला डी क्वेर्वेन म्हणतात. वेणी घालताना, डब्याचं झाकण उघडताना तिला कळ यायची. प्रयोगशाळेत ती ज्या अॅक्रिलामाइडचं जेल बनवायची, ते घट्ट होण्याआधी मज्जासंस्थेला घातक असतं. हातमोजे मात्र मोजून मिळायचे. विषारी वाफा बाहेर खेचणारी जी पेटी असते, तिच्यातच दुसरीकडे जागा नाही म्हणून बाटल्या साठवलेल्या. पेशींना रविवार कळत नाही, त्यांना ठरलेल्या वेळी खाऊ घालावंच लागतं, त्यामुळे रात्री दोनला प्रयोगशाळेतून येऊन ती मॅगी खायची आणि सातला परत जायची. तीन वर्षांत मी तिला सलग आठ तास झोपलेलं पाहिलं नाही.

मोठा अपघात झाला की बातमी होते. २९ डिसेंबर २००८ ला लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेत पेट घेणारं रसायन सांडून तेवीस वर्षांची संशोधन सहायक भाजली आणि काही दिवसांनी गेली. बरोबर एक वर्षाने, २९ डिसेंबर २००९ ला, मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत दोन तरुण संशोधक गेले. अशा घटनांनंतर चौकशी होते, नियम येतात. सुजलेल्या अंगठ्याची चौकशी कोण करणार? त्यासाठी रजिस्टरच नसतं.

आणि मग आमचा तो मित्र, जो मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करत होता. पहाटेच्या एसटीने कॉलेज, तिथे तास, दुपारी तालुक्याच्या गावी दुसऱ्या कॉलेजात तास, संध्याकाळी घर, जेवण झाल्यावर प्रबंध. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, आणि तेही महिनोन् महिने थकलेले. अंगाने काटकुळा. चौतिसाव्या वर्षी विम्याच्या तपासणीत साखर निघाली तेव्हा घरच्यांचा विश्वासच बसेना. बारीक माणसाला कशी होईल? पण आपल्याकडे बारीक माणसालाही होते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं सांगत आले आहेत. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. ब्रिटिश डॉक्टरच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणारं आपलं शरीर आतून असं असतं. त्यात झोप तुटली की आणखी भर पडते. शिकागोत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर तेवढ्यानेच त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घसरली. सहा रात्रींत हे होतं. आमच्या मित्राच्या तशा रात्रींना सहावं वर्ष लागलं होतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल की कष्टाचं काम आहे, शरीर झिजणारच. शेतात झिजतं, कारखान्यात झिजतं. खरं आहे, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या शरीराशी मी आमच्या शरीराची बरोबरी करणार नाही. पण पीएचडीत शरीर नेमकं कशाने झिजतं हे मी बराच काळ पाहत आले आहे, आणि कष्ट हे त्याचं मुख्य कारण आहे असं मला आता वाटत नाही.

बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होता. कुठल्या धंद्यात माणसाला कुठले आजार होतात याचा त्याने आयुष्यभर अभ्यास केला आणि १७०० साली त्यावर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांची भर घातली. पुण्यात तेव्हा पेशव्यांचं दफ्तर सुरूही झालेलं नव्हतं. लेखनिकांच्या आजारांची त्याने तीन कारणं दिली. सतत बसून राहणं. हाताची तीच ती हालचाल. आणि तिसरं, आपल्या हातून चूक होऊन हिशेबाची वही खराब होईल, मालकाचं नुकसान होईल, या धास्तीने मनावर राहणारा ताण. बैठक आणि हात यांच्याइतकीच ती धास्तीही त्याने शारीरिक आजाराच्या कारणांत धरली. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे कळलं, ते ‘चालायला जात जा’ म्हणणाऱ्यांना कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण पीएचडीतली धास्ती कामाची नसते. कागद वाचताना मला कधी आम्लपित्त झालं नाही. ते व्हायचं प्रबंधाचं एखादं प्रकरण गाइडकडे दिल्यावर. दिलेलं प्रकरण कधी वाचून होईल याला मुदत नाही, विचारलं तर ‘घाई काय आहे’ हे उत्तर, न विचारावं तर ‘तुम्ही पाठपुरावा करत नाही’. संशोधन सल्लागार समितीची बैठक पुढे ढकलली जाते. सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या सारांशावर, एक सही राहते आणि सही करणारे परीक्षेच्या कामाला गेलेले असतात. प्रबंध जमा केल्यावर परीक्षकांचे अहवाल यायला किती महिने लागतील ते कुणी सांगत नाही, आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाल्याशिवाय नोकरीच्या अर्जात ‘पीएचडी’ लिहिता येत नाही. या सगळ्या काळात माणूस दिसायला रिकामा असतो. शरीर मात्र दिवसरात्र तयारीत असतं, कधीही फोन येईल म्हणून. माझ्या मैत्रिणींचे केस याच काळात गळले, पाळी याच काळात अनियमित झाली, झोपेत दात खाल्ल्यामुळे जबडे याच काळात दुखायला लागले. मोजून दिलेलं काम कितीही अवघड असो, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. संपण्याची तारीख नसलेल्या वाट पाहण्याशी त्याला जुळवून घेता येत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या माहितीत एक प्राध्यापक बाई होत्या, आता निवृत्त आहेत. त्यांचा नियम होता की विद्यार्थ्याने दिलेलं प्रकरण पंधरा दिवसांत लेखी शेऱ्यांसह परत द्यायचं. शेरे कडक असत, वहीचं पान लाल होऊन यायचं. कामाच्या बाबतीत त्या आमच्या कुठल्याही गाइडपेक्षा जास्त कठोर होत्या. पण त्यांच्या विद्यार्थिनी रात्री झोपायच्या. सोळाव्या दिवशी आपल्याला काय ते कळणार, हे त्यांना माहीत असायचं.

वाट पाहण्यातली सगळ्यात जाचक वाट पैशाची. कनिष्ठ (जेआरएफ) आणि ज्येष्ठ (एसआरएफ) संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून वाढली, जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये झाली. आकडा चांगला आहे. तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात येत नाही, हे दुखणं आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी मुलामुलींना आझाद मैदानात बसावं लागलं, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. पैसे थकले की पहिली काटछाट जेवणात होते. आधी दूध बंद होतं, मग फळं, मग अंडी. मेसचं बिल थकल्यावर दुपारचं जेवण म्हणजे वडापाव आणि चहा. रक्तात हिमोग्लोबिन नऊवर, बी-१२ तळाला, आणि डॉक्टर विचारतात, ‘शिकलेली माणसं तुम्ही, आहाराकडे लक्ष का देत नाही?’ नऊ महिन्यांची थकबाकी एकदम जमा झाली तरी त्या नऊ महिन्यांत न खाल्लेलं मागाहून खाता येत नाही.

कायद्याच्या नजरेत संशोधक विद्यार्थी नेमका कोण, हाही प्रश्नच आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जेआरएफच्या नियमांत सार्वजनिक सुट्यांखेरीज वर्षाला तीस दिवस रजा आहे, उन्हाळी-हिवाळी सुट्या त्याला लागू नाहीत. औषधोपचारासाठी वेगळी मदत नाही, संस्थेत जी वैद्यकीय सोय असेल ती वापरावी. अधिछात्रवृत्ती जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२२ च्या पीएचडी नियमावलीत अभ्यासक्रमाचा काळ तीन ते सहा वर्षं, पुढे दोन वर्षं वाढ, स्त्रियांना आणि दिव्यांगांना आणखी दोन. स्त्रियांना संपूर्ण काळात मिळून २४० दिवस बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा. ही शेवटची तरतूद मोलाची आहे, तिच्यामुळे माझ्या ओळखीतल्या दोघींची पीएचडी वाचली. पण वर्षभर पाठीने अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अशी सरळ तरतूद कुठे आहे? तो काम विद्यापीठाचं करतो, पेपर विद्यापीठाच्या नावाने छापतो, पदवीच्या वर्गांवर तास घेतो, पेपर तपासतो. आजारी पडला की तो विद्यार्थी असतो.

नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, सहसा चार वर्षांच्या करारावर. स्वीडनमध्ये आजारपणाची रजा झाली तर तेवढी नेमणूक पुढे वाढते. तिथेही ताण आहेत, फ्लँडर्सचा आकडा मी वर दिलाच आहे. माझा एक मित्र त्या बाजूला पीएचडीला गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात फ्लूने पडला. प्रयोगशाळेत ताप अंगावर काढत गेला तर त्याच्या मार्गदर्शक बाईंनी त्याला घरी पाठवलं आणि रजेचा अर्ज स्वतः भरायला लावला. ‘तू आजारी असताना काम केलंस तर उत्तर मला द्यावं लागेल,’ असं त्या म्हणाल्या. हे वाक्य त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं. इकडे माझी शेजारीण सलाइन संपवून प्रयोगशाळेत गेली होती आणि गाइडनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं.

हे कौतुक फार जुनं आहे. ‘सुखार्थिनः कुतो विद्या’ हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. आणि महाराष्ट्रात अभ्यासाच्या कष्टांचं उदाहरण द्यायचं तर बाबासाहेबांचं दिलं जातं, ते द्यावंच. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहिले, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून बंद होईपर्यंत वाचत बसले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पण ही गोष्ट जेव्हा एखादे विभागप्रमुख थकलेल्या अधिछात्रवृत्तीबद्दल विचारायला आलेल्या मुलांना ऐकवतात, तेव्हा तिचा अर्थ उलटा होतो. ते उपाशी राहिले, कारण परिस्थितीने दुसरी वाट ठेवली नव्हती. जेव्हा त्यांच्या हातात काही करणं आलं तेव्हा त्यांनी काय केलं? १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकाला भक्कम पाठिंबा दिला. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना, कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी दुरुस्ती मांडली. आपण भोगलं ते दुसऱ्याला भोगावं लागू नये, यासाठी त्यांनी कायदे केले. त्यांचं नाव घेऊन मुलांना उपाशी राहायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, हे मी कुठल्याही व्यासपीठावर म्हणायला तयार आहे.

आता मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. सल्लागार समितीच्या बैठकीत विद्यार्थिनी उभी राहून सादरीकरण करते आणि मला तिचा प्रश्न ऐकू येतो त्याआधी ती वजन या पायावरून त्या पायावर टाकताना दिसते. चांगली खुर्ची, बायकांचं उघडं आणि धुतलेलं स्वच्छतागृह, चालू असलेली वाफपेटी, वर्षातून एकदा रक्ततपासणी, यांना संशोधनाच्या एकूण खर्चात फार पैसे लागत नाहीत. परिषदेत मुख्य भाषणाला बोलावलेल्या एका वक्त्याच्या विमानभाड्यात यातल्या बऱ्याच गोष्टी होतात. प्रकरण किती दिवसांत परत द्यायचं याची मुदत लिहून ठेवायला तर काहीच लागत नाही, म्हणून तीच मागणी सगळ्यात कठीण जाते.

आम्ही काही जणींनी मागच्या सत्रात विभागाला पत्र दिलं. स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं आहे. विद्यापीठाच्या दवाखान्यात संशोधक विद्यार्थ्यांची वार्षिक तपासणी जुलैपासून सुरू होईल असं लेखी उत्तर आलं आहे. प्रकरण महिन्याभरात लेखी शेऱ्यांसह परत देण्याच्या मागणीवर दोन वरिष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली, त्यामुळे ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर गेली. बैठक सोमवारी आहे. त्या दोघांशी मी आधी त्यांच्या घरी जाऊन बोलणार आहे, दोघांचेही गुडघे त्यांच्या स्वतःच्या पीएचडीपासून दुखतात.